पेन्सिलीचं धरत नाहीत

लातूर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. अपूर्वा,

आज दहाव्या दिवशी नळाला पाणी आलं. टाकी भरली, दोन ड्रम भरले. दुपारी वरण-भात केला. चार वाजता तीन बायका आल्या, सात वाजता गेल्या. त्यांचंच लिहायला बसलो आहे.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. पत्र निदान घरात पडून राहील आणि कधीतरी उघडलं जाईल, म्हणून पत्र.

गेल्या मे महिन्यापासून आपण बोललो नाही. तुझी आई जाऊन सोळा दिवस झाले होते. मी रेणापूरच्या तिच्या शेताला वारसाची नोंद लावून घेतली. सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस झाला, खाली तुझं नाव चढलं. ती नक्कल मी तुला पोस्टाने पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. तू फोनवर म्हणालीस, "सोळा दिवसांत आईला कंसात टाकून मोकळे झालात, अप्पा." तहसीलमध्ये चौतीस वर्षं माणूस गेलं की पुढे हेच करायचं, एवढंच मला ठाऊक होतं. तो विषय इथे पुरे.

आलेल्या बायका आईच्या रविवारच्या वर्गातल्या. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणाऱ्यांना ती घरी शिकवायची, तो वर्ग. एक सिद्धम्मा, चाकूरकडे अंगणवाडीत आहेत. दुसरी उज्वला, एसटीत कंडक्टर. तिसऱ्या धोंडाबाई, सत्तावन्न वर्षांच्या, खानावळ चालवतात. तिघी दारातच उभ्या राहिल्या.

उज्वला म्हणाली, "अप्पा, बाईंची वही पायजे होती. नाटकाच्या पेपरची. मे महिन्यात परीक्षा हाय."

"कसली वही?"

"नाटकाचे शब्द हायत त्याच्यात. नांदी, स्वगत, काय काय. बाई म्हणायच्या, वही पुरी झाली की झेरॉक्स देते सगळ्यांना."

"मग झाली का पुरी?" धोंडाबाईंनी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

वही कुठे आहे ते मला माहीत होतं. स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्यामागे. दूध तापेपर्यंत ती तिथेच उभी राहून लिहायची. हे दहा महिने मी फक्त तो डबा थोडा पुढे ओढून ठेवला होता.

वही काढून दिली. तिघींनी डोकी एकत्र घातली. वही आडवी-उभी धरून पाहिली.

मग सिद्धम्मा म्हणाल्या, "हे मराठी हाय का कानडी?"

"तुम्हाला तर कानडी येतं," उज्वला म्हणाली.

"म्हणून तर सांगते. कानडी न्हाई हे."

तुझ्या आईचं अक्षर तुला ठाऊक आहे. फळ्यावर मोत्यासारखं आणि कागदावर असं. मला वाचता येतं. तेहेतीस वर्षं किराण्याच्या याद्या वाचल्या. मी चष्मा लावला आणि पहिलं पान वाचून दाखवलं, जसं होतं तसं:

"नांदी. नाटक सुरू होण्याआधी म्हटलेली प्रार्थना. ती झाली की प्रेक्षकांना कळतं, आता सुरू होणार. उदाहरण: ह्यांचा सकाळचा खोकला. तीनदा झाला की घर उठतं."

मला पुढचं आधी दिसलं असतं तर मी वाचलं नसतं. उज्वला खुर्चीतून घसरून खाली बसली. धोंडाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "खोका बघू अप्पा एकदा." मी खोकणार नव्हतो. पण आला.

दर रविवारी चारला या, असं मी त्यांना सांगितलं. का सांगितलं ते सांगता येत नाही. वही मलाच वाचता येते, हे एक कारण आहे.

तब्येतीला जप. एकदा फोन घे.

अप्पा


लातूर, १७ फेब्रुवारी

चि. अपूर्वा,

काल वर्ग झाला. सकाळी खुर्च्या पुसल्या. सहा जणी आल्या, पैकी तीन नवीन. धोंडाबाईंनी डबाभर कांदाभजी आणली. मी म्हणालो, शिकायला येताना कशाला. त्या म्हणाल्या, "बाईंनी सांगितलं होतं, रिकाम्या पोटी शोकात्मिका वाचू नये."

परवा आपल्या जावईबापूंचा, अवधूतरावांचा फोन आला होता. तू बरी आहेस म्हणाले, आणि माझं पत्र तू दोनदा वाचलंस. हे मी सांगितलं असं तिला सांगू नका, असंही म्हणाले. आता लिहिलं गेलं. खाडाखोड केलेला कागद पाठवणं मला जमत नाही, म्हणून राहू दे.

शिकवणं म्हणजे मी वाचतो आणि त्या लिहून घेतात. मला नाटकातलं काही कळत नाही, हे मी पहिल्यांदाच सांगून टाकलं. सिद्धम्मा म्हणाल्या, "बरंच हाय. तुम्ही प्रश्न विचारणार न्हाईत." पण वहीत प्रत्येक शब्दाला उदाहरण आहे आणि प्रत्येक उदाहरण आपल्या घरातलं आहे. मी आधी चाळून ठेवायला हवी होती. चाळली नाही. एका वेळी दोनच पानं वाचतो. संपेल म्हणून.

"प्रवेश. पात्र रंगमंचावर येणे. चांगल्या पात्राचा प्रवेश डोळ्यांआधी कानांना कळतो. उदाहरण: अपूर्वाची स्कूटी गल्लीच्या तोंडाशी."

"संघर्ष. दोन इच्छा समोरासमोर येणे. संघर्ष म्हणजे भांडण नव्हे. उदाहरण: त्यांना पंखा एकवर हवा, मला चारवर. भांडण कधीच झालं नाही. लग्नापासून पंखा दोनवर आहे."

सगळ्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. दोनवरच होता.

"म्हंजे जिंकलं कुणीच न्हाई," सिद्धम्मा म्हणाल्या.

"दोघंबी उकडले," उज्वला म्हणाली. "आमच्याकडं रिमोटवरनं संघर्षबी हाय आन् भांडणबी."

नाट्यात्म उपरोध म्हणून एक शब्द आहे. प्रेक्षकांना एखादी गोष्ट ठाऊक असते आणि पात्राला नसते, तेव्हा तसं म्हणायचं. ह्याचं उदाहरण सिद्धम्मांनी स्वतःच दिलं. त्यांच्या सासूबाई गल्लीभर सांगायच्या, आमची सून दर रविवारी अंगणवाडीच्या मीटिंगला लातूरला जाते. सून बी.ए.च्या वर्गाला येत होती, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. सासूबाईंना मार्कशीट आल्यावर कळलं.

"मग?" धोंडाबाईंनी विचारलं.

"मग काय. पेढे वाटले त्यांनी. मीटिंगमध्ये पहिली आली म्हणून."

खरं सांगायचं तर मी एवढा मोठ्याने हसलो की शेजारचे हणमंतराव गच्चीवरून डोकावले.

मग हे आलं: "स्वगत. पात्र मनातलं मोठ्याने बोलतं. प्रेक्षकांना ते ऐकू जातं, पण रंगमंचावरच्या बाकी कोणाला जात नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं. उदाहरण: हे न्हाणीत. त्यांना वाटतं नळाच्या आवाजात बाहेर ऐकू येत नाही."

मी न्हाणीत बोलतो हे मला माहीत नव्हतं. बायकांना सांगितलं, हे चूक असावं. उज्वला म्हणाली, "अप्पा, ते पात्राला ठाऊक नसतंय. आत्ताच झालं की उपरोधात." पोरगी हुशार आहे. दोनदा कशी नापास झाली कळत नाही.

एक काम होतं. 'जनान्तिक' ह्या शब्दाच्या पानावर तेल सांडलं आहे आणि पुढचं काही लागत नाही. तू कॉलेजात नाटकात होतीस. चार ओळी लिहून पाठवलीस तर ह्यांची सोय होईल. माझ्यासाठी नको, ह्यांच्यासाठी.

अप्पा


लातूर, ४ मार्च

चि. अपूर्वा,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. "जनान्तिक म्हणजे रंगमंचावर इतर पात्रं असताना दोघांनीच हाताची आड करून आपसात बोलणं. बाकीच्यांना ते ऐकू येत नाही असं मानतात. स्वगतात माणूस एकटा असतो. जनान्तिकाला दोघं लागतात." वर मायना नाही, खाली नाव नाही. पण पत्ता तुझ्या अक्षरात आहे आणि पत्त्यात माझं नाव आहे. मला पुरे.

रविवारी वर्गात वाचून दाखवलं. कार्ड सगळ्यांच्या हातून फिरलं. धोंडाबाई म्हणाल्या, "पोरीचं अक्षर बापावर गेलंय. देव पावला."

आता मुख्य गोष्ट. २३ मार्चला नांदेडला सगळ्या अभ्यासकेंद्रांचा मेळावा आहे. प्रत्येक केंद्राने दहा मिनिटांचा एक नाट्यप्रवेश करून दाखवायचा. वहीच्या शेवटच्या पानांवर आईने तसा एक लिहून ठेवला आहे. नाव आहे 'नांदेडची गाडी'. पात्रं तीन. मुलीला नांदेडला नोकरी लागली आहे, ती सकाळच्या एसटीने निघते आहे, आई आणि बाप घरात आहेत. एवढंच. कोणाचं घर आहे ते तू ओळखशील. मी बायकांपुढे ओळख दाखवली नाही.

मी त्याची स्वच्छ प्रत केली. दोन रात्री नाही, दोन दुपारी लागल्या. किती दिवसांनी असं काम केलं. समास सोडून, ओळी आखून, तीन प्रती. आईने समासात जागोजागी पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलं होतं, ते घेतलं नाही. दप्तरात पेन्सिलीचं धरत नाहीत. साहेब टिपणावर पेन्सिलीने खुणा करायचे, त्या त्यांच्या स्वतःपुरत्या. शाईचं तेवढं प्रतीत घ्यायचं. एकदा नवीन असताना मी पेन्सिलीचा शेरा उतरवून घेतला होता, तर साहेबांनी कचेरीत सगळ्यांसमोर प्रत परत केली. तेव्हापासून कधी चूक झाली नाही.

उज्वला बाप झाली आहे, सिद्धम्मा आई. मुलगी व्हायला कोणी तयार होईना. शेवटी धोंडाबाई म्हणाल्या, "मी होते. पंचवीस वर्षांची पोरगी कशी असते ते मला याद हाय, ह्या पोरींना न्हाई."

तालीम सुरू केली तर पहिल्याच पानावर अडलं. त्यात असं आहे:

आई: हा माणूस दगड आहे. पोर निघाली आणि हा कुलूप शोधतोय.

बाप: बॅगेला कुलूप लावलं का?

सिद्धम्मा थांबल्या. "अप्पा, ही बाई तोंडावर दगड म्हणते आन् ह्यो कुलपाचं विचारतो. ह्याला ऐकू येत न्हाई का?"

"लिहिलंय तसं म्हणा," मी म्हणालो.

"बहिराच असणार," उज्वला म्हणाली. "मी कानाला हात लावून करते."

मला ते पटलं नाही. त्या बापाच्या कानाला काही झालेलं नाही. पण हे मी कोणत्या आधारावर सांगणार? आता तो बाप पहिल्यापासून शेवटपर्यंत बहिरा आहे आणि त्याच्या कानाला हात गेला की सगळ्या हसून लोळतात.

पुढे बापाची वाक्यं आहेत. ती मी इथे उतरवत नाही. उज्वला ती म्हणताना जरा अडखळते. म्हणाली, "अप्पा, असा सरळ बोलणारा बाप आमच्याकडं बघितला न्हाई मी. बाईंनी कुठं बघितला असंल?"

मी म्हणालो, चहा ठेवतो.

अप्पा


लातूर, १५ मार्च

चि. अपूर्वा,

आज उन्हं फार होती. पोस्टात गेलो, धोंडाबाईंसाठी लाल रिबिनी आणल्या. दुकानदाराने विचारलं, नात कितवीत आहे. बी.ए.ला आहे म्हणून सांगितलं.

मेळावा २३ तारखेला रविवारी आहे. नांदेडला स्टेशनजवळ जो मोठा हॉल आहे, तिथे सकाळी अकरा वाजता. आमचा नंबर चौथा आहे. मी त्यांच्याबरोबर येणार आहे. विंगेत बसून कोणी विसरलं तर पुढचं वाक्य सांगायचं काम माझ्याकडे आहे. रविवारी तुला सुट्टी असते. यावंसं वाटलं तर ये. घरी चहाला बोलाव असं म्हणत नाही.

आणखी एक. हे मी मे महिन्यातच सांगायला हवं होतं. सातबाऱ्यावर कंस करणं म्हणजे नाव खोडणं नव्हे. खोडायचं असेल तर शाई फिरवली असती. कंसातलं नाव वाचता येतं, आणि वाचता यावं म्हणूनच ते ठेवतात. पुढे कोणी उतारा काढला तर त्याला दिसतं, ही जमीन आधी कोणाची होती आणि आताच्या माणसाकडे कोणाकडून आली. तुझ्या नावाच्या वर तिचं नाव आहे. मी तिला तिथून काढलेलं नाही.

एवढंच त्या नकलेबरोबरच्या चिठ्ठीत लिहायला पाहिजे होतं. बसलो होतो लिहायला. झालं नाही.

अप्पा


लातूर, २४ मार्च

चि. अपूर्वा,

काल साडेआठला घरी पोचलो. आज उशिरा उठलो. भाकरी आणि धोंडाबाईंनी दिलेलं पिठलं खाल्लं. कपडे धुतले. आता लिहितो.

तू हॉलमध्ये चौथ्या रांगेत होतीस. तुला समोरून जे दिसलं ते मला विंगेतून दिसलं नाही, आणि विंगेतलं तुला दिसलं नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो. धोंडाबाईंना दोन वेण्या घातल्यावर त्या आरसा सोडीनात. "माझ्या सासरच्यांनी हे बघायला पायजे होतं," म्हणाल्या. सिद्धम्मा कोपऱ्यात उभ्या राहून कानडीत देवाला काहीतरी सांगत होत्या. उज्वलाने माझा जुना कोट घातला होता आणि खिशात खरी तिकिटांची थैली निघाली. म्हणाली, "ही जवळ नसली तर माझा आवाज निघत न्हाई." आणि माझ्या हातात वही होती. मी आलो तेव्हाच विंगेच्या फटीतून रांगा मोजल्या होत्या. पहिल्या तीन नाटकांपर्यंत तुमच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आमचं नाव पुकारलं तेव्हा त्या भरल्या.

मला आता कळतं की लोक का हसत होते. तेव्हा कळलं नाही. बाईने "दगड आहे" म्हणायचं आणि नवऱ्याने कानाला हात लावून कुलपाचं विचारायचं, ह्याला टाळी पडली. "सुटे घेतले का?" हे उज्वला अशा आवाजात म्हणाली की अख्ख्या हॉलने खिसे चाचपले. मी मनात म्हटलं, चला, निभावलं.

मग ती वाक्यं आली. उज्वला धोंडाबाईंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. तालमीत ती कधी एवढी जवळ गेली नव्हती.

"जाऊ नको म्हणायचं असतं. तोंडातून सुट्या पैशाचं निघतं. उद्यापासून सकाळी कोणाला हाक मारू? ही गेली की हे घर माझ्यापेक्षा मोठं होणार."

इथे धोंडाबाईंनी "हो अप्पा, घेतले सुटे" म्हणून बॅग उचलायची होती. त्या उचलेनात. मला वाटलं विसरल्या, म्हणून मी विंगेतून सांगितलं, "हो अप्पा, घेतले सुटे." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लाल रिबिनी हलवत एकदम ओरडल्या, "मग म्हणा की जाऊ नको!"

हे वहीत नाही.

उज्वलाने काय करावं? तिने कानाला हात लावला आणि म्हणाली, "आं?"

पुढचं तुला माहीत आहे. मी एवढं हसणं कधी ऐकलं नाही. त्यात तुझं मला वेगळं ऐकू आलं. तू आईसारखी हसतेस, आधी आवाज न करता आणि मग एकदम. मी वही डोळ्यांसमोर धरली होती, त्यामुळे विंगेतल्या लोकांना वाटलं मी वाचतोय.

नंतर ते प्राध्यापक आले, बक्षीस देणारे. म्हणाले, "स्वगतं थेट समोरच्याच्या तोंडावर बोलायची, हा प्रयोग कोणाचा?" सिद्धम्मांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, मी रेव्हेन्यूतला आहे. ते म्हणाले, "वा." पहिला नंबर त्या 'वा'मुळे मिळाला की धोंडाबाईंमुळे, ह्यावर परतीच्या गाडीत लातूर येईपर्यंत वाद चालला. त्या गाडीच्या कंडक्टरला उज्वलाने दोनदा बेल चुकीची मारली म्हणून सुनावलं, ते वेगळंच.

तू विंगेत आलीस. दहा महिन्यांनी. मला वाटलं होतं तू काही बोलशील, किंवा मी बोलेन. तू माझ्या हातातली वही घेतलीस, शेवटची पानं उजेडाकडे धरलीस आणि म्हणालीस, "अप्पा, इथं पेन्सिलीनं 'स्वगत' लिहिलंय. प्रत्येक ओळीला."

मी म्हणालो, "पेन्सिलीचं धरत नाहीत."

तू पायरीवर बसलीस. हसत होतीस, मग रडत होतीस, मग दोन्ही. अवधूतराव पाण्याची बाटली घेऊन नुसतेच उभे. धोंडाबाई रिबिनींसकट तुझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तूच का ती खरी? बरी दिसतेस. मी तुझ्यापेक्षा बरी केली पण." तू त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलंस. त्यांनाच ते जमतं.

मग तू मला विचारलंस, "हे सगळं आईनं मनानं लिहिलं, की तुम्हाला खरंच असं वाटत होतं?" मी म्हणालो, गाडी चुकेल. गाडीला अजून पाऊण तास होता.

काल परतताना गाडीत, मग रात्री अंथरुणात आणि आज सकाळी त्याचाच विचार केला. उत्तर असं आहे.

तू नांदेडला निघालीस त्या दिवशी मी पहाटे उठून अंघोळीला गेलो होतो. नळ चालू होता. मी काय बोललो ते मला आठवत नाही, बोललो हेही मला फेब्रुवारीपर्यंत माहीत नव्हतं. पण तुझी आई कधीच मनाने काही लिहायची नाही. यादीतसुद्धा घरात जे संपलं असेल तेच लिहायची. तेव्हा ती वाक्यं माझीच असणार. तिने ती बाहेर उभं राहून ऐकली, लिहून ठेवली, आणि 'स्वगत' म्हणून त्यावर पेन्सिलीने झाकण घातलं, म्हणजे तुझ्या कानावर जाणार नाहीत आणि मला लाजायला होणार नाही.

ते झाकण मी काढलं. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर काढलं नसतं. आता निघालं ते बरं झालं असं मला वाटतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. मला तसं वाटत होतं.

अप्पा


लातूर, २२ एप्रिल

चि. अपूर्वा,

तुम्ही पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो, म्हणून नीट बोलणं झालं नाही. नाहीतर झालं असतं असं नाही.

दोन दिवस घरात माणसं होती. आईचं पहिलं वर्ष एवढ्या आवाजात होईल असं मला वाटलं नव्हतं. धोंडाबाईंनी स्वयंपाकाचा ताबा घेतला, सिद्धम्मांनी सासूबाईंना घेऊन यायचं म्हणजे यायचंच केलं, आणि त्या म्हाताऱ्या बाई मला म्हणाल्या, "मीटिंगला मीबी येऊन बघते म्हटलं एकदा." अवधूतरावांनी पंखा चारवर केला. तू उठून दोनवर आणलास. ते बघतच राहिले. त्यांना संघर्ष समजावून सांग.

वहीची नवी प्रत करायला घेतली आहे. पूर्ण वही, सहा जणींना सहा झेरॉक्स. ह्या वेळी समासातल्या पेन्सिलीसकट. तिच्या पेन्सिलीचं मी पेन्सिलीनेच उतरवतो. झेरॉक्सवर ते फिकट उमटेल, पण वाचता येईल. परीक्षा २० मेपासून आहे. उज्वलाने त्या आठवड्याच्या ड्यूट्या बदलून घेतल्या. ह्या खेपेला ती पास होईल. झाली नाही तरी पुढच्या रविवारी येईल.

काम करता करता आज शेवटच्या पानावर आलो. 'भरतवाक्य.' तू उदाहरण लिहून गेलीस आणि मला सांगितलं नाहीस. आईचं अर्धंच होतं: "भरतवाक्य. नाटक संपताना सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून म्हटलेले शब्द. उदाहरण:" आणि पुढे कोरं. समासात पेन्सिलीने, "अपूर्वाला विचारणे." ते मी 'नांदेडची गाडी'ची प्रत करतानाच वाचलं होतं. तुला कळवलं नाही, कारण पेन्सिलीचं होतं, आणि तू तेव्हा विचारण्यासारखी नव्हतीस.

आता तिथे तुझ्या अक्षरात आहे, पेनाने: "आई, रोज झोपायच्या आधी: अहो, टाकी भरली का?"

बरोबर आहे. सगळे जेवले, दार लावलं, दिवा गेला, की तेवढंच. मला वाटायचं ती पाण्याचं विचारते.

हे पत्र पूर्ण पेनाने लिहिलं आहे. तेव्हा सगळं धर. तू होतीस तेव्हा घर बरोबर मापाचं होतं. पुन्हा ये. लवकर ये. सुट्यांचं मी विचारणार नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि नळ आला. पत्र टेबलावर तसंच ठेवून उठलो. पाईप लावला, दोन्ही ड्रम भरले, मग टाकीवर चढून झाकण उघडून पाणी काठाला येईपर्यंत उभा राहिलो. खाली येऊन पाईप गुंडाळला, खुंटीला अडकवला आणि हात पुसले.

भरली.

अप्पा